जिथं करडी पोचली नाही

ब्रिटनमध्ये लाल खार पाहायची असेल तर आधी पाणी शोधावं, झाडं नंतर. असं मी म्हटलं की इथले मराठी मित्र हसतात. खार म्हणजे झाड, हे समीकरण आपण घरून घेऊन आलेलो असतो. परसातला पेरू, शाळेच्या आवारातला गुलमोहर, कुठंही मान वर केली की खार दिसायचीच. इथंही बागेत खारी दिसतात, अगदी पायात येतात, पण त्या करड्या. लंडनच्या हाइड पार्कात किंवा लेस्टरमधल्या एखाद्या घराच्या कुंपणावर जी बसलेली असते ती उत्तर अमेरिकेतून आणलेली करडी खार. ती जिथं जम बसवते तिथून लाल खार काही वर्षांत नाहीशी होते. त्यामुळे लाल खार कुठं दिसेल, असं विचारण्यापेक्षा करडी कुठं पोचू शकली नाही, असं विचारलेलं बरं. कुठं तिला समुद्रानं अडवलं, कुठं निकस जंगलानं, कुठं माणसांनी पहारा ठेवून. या पुस्तकातली जवळजवळ सगळी ठिकाणं अशी अडवणुकीनं टिकलेली आहेत. ती सांगताना मी रस्त्यांपेक्षा कारणांवर जास्त पानं खर्च केली आहेत, कारण कारण कळलं की पुस्तकात नसलेलं ठिकाणही वाचकाला स्वतः हुडकता येतं.

‘लाल खार दिसली’ असं कळवणारे फोटो मला नेहमी येतात आणि त्यातले बहुतेक करडीचे असतात. दोष पाठवणाऱ्यांचा नाही. करडीच्या कुशीवर आणि पायांवर चांगली तांबूस झाक असू शकते. उलट लाल खारीची पाठ हिवाळ्यात राखाडीकडे झुकते, आणि युरोपात काही ठिकाणी ती जवळजवळ काळी असते. तेव्हा रंगावर विसंबू नये. शेपटी पाहावी : करडीच्या शेपटीला कडेनं पांढुरकी झालर असते, लालीच्या शेपटीला नसते. कान पाहावेत : हिवाळ्यात लाल खारीच्या कानांवर केसांचे उभे झुपके असतात, करडीला तसे कधीच येत नाहीत. आणि अंगलट पाहावी. लाल खार तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, करडी पाच-सहाशेच्या. भीमाशंकरला ज्यांनी शेकरू पाहिलं आहे त्यांना ही खार पहिल्या भेटीत फारच चिमुकली वाटते. शेपटीसकट तीन फुटांचं शेकरू डोक्यात ठेवून पाइनच्या शेंड्याकडे पाहिलं तर ती नजरेतून सुटणारच. आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा मोठी, शेकरूपेक्षा पुष्कळ लहान, आणि पाठीवर रामाची बोटं नाहीत, एवढं लक्षात ठेवून निघावं.

करडी इथं आली ती हौसेपोटी. आपल्या उद्यानांत परदेशी प्राणी बागडताना पाहायची व्हिक्टोरियन काळातल्या जमीनदारांना आवड होती. १८७६ साली चेशरमधल्या हेन्बरी पार्कात टॉमस ब्रॉकलहर्स्ट यांनी अमेरिकी खारी सोडल्या, ही त्यांच्या आगमनाची नेहमी सांगितली जाणारी नोंद. पण त्यांना देशभर हातपाय पसरायला मदत केली ती बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकनं. १८९० पासून पुढं वोबर्न ॲबीच्या त्याच्या आवारात करड्या खारी वाढल्या आणि तिथून त्या निरनिराळ्या उद्यानांत आणि मोठ्या घरांच्या बागांत भेट म्हणून गेल्या. आयर्लंडमध्ये १९११ साली लाँगफर्ड परगण्यातल्या कासल फोर्ब्झला त्या चक्क लग्नाच्या आहेरातून पोचल्या. चूक उमगायला फार वेळ लागला नाही, निस्तरायला मात्र उशीर झाला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस करडी आयात करायला आणि पाळायला कायद्यानं बंदी आली. १९५० च्या दशकात सरकारनं शेपटीमागे एक शिलिंग देऊन पाहिलं. लोकांनी शेपट्या आणून दिल्या, शिलिंग नेले, आणि करड्या वाढतच राहिल्या. मॅमल सोसायटीनं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सत्तावीस लाख आहेत. लाल खारी दोन लाख सत्याऐंशी हजार, आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त एकट्या स्कॉटलंडमध्ये.

करडी लालीला मारून हाकलते, असा एक समज आहे. तसं होत नाही. भांडण जेवणाचं आहे. ओकच्या फळांतलं टॅनिन करडीला सोसतं, लालीला तितकंसं सोसत नाही. हेझलनट पुरते पिकायच्या आतच करडी ते फस्त करते. तेवढ्याच रानात करड्या कितीतरी जास्त दाटीनं राहू शकतात. अर्धपोटी राहिलेल्या लाल माद्यांना पिल्लं कमी होतात, झालेली हडकुळी निपजतात, आणि दहा-पंधरा वर्षांत रान हातचं जातं.

रोग आला तर एवढीही वर्षं लागत नाहीत. देवीसारखा एक विषाणूजन्य आजार करडी अंगावर वागवते. तिला त्याचं सहसा काही होत नाही. लालीला तो झाला की पापण्या, नाकपुड्या, ओठ आणि बोटांमधल्या फटी फोडांनी आणि खपल्यांनी भरून जातात. तिला दिसेनासं होतं, दाणा धरता येत नाही, आणि साधारण पंधरवड्यात ती मरते. रानातल्या खारींना देता येईल अशी लस अजून हाती नाही. पुढं ज्या ज्या ठिकाणी मी ‘इथं करडीवर नजर ठेवली जाते’ असं लिहिलं आहे तिथं या आजाराची भीती गृहीत धरावी.

मात्र लाल खार म्हणजे इंग्रजांची जुनी लाडकी आणि करडीनं येऊन तिचा घात केला, ही गोष्ट इथल्या वर्तमानपत्रांना जितकी आवडते तितकी ती सरळ नाही. स्कॉटलंडमध्ये जंगलतोडीमुळे लाल खार अठराव्या शतकातच जवळजवळ संपली होती. डंकेल्डसारख्या ठिकाणी जमीनदारांनी ती बाहेरून आणून पुन्हा सोडली. नवी झाडी वाढली, खारी वाढल्या, आणि कोवळी साल सोलतात म्हणून त्याच खारी डोळ्यांत खुपायला लागल्या. १९०३ साली ‘हायलँड स्क्विरल क्लब’ निघाला. सभासदांच्या जमिनींवर शेपटीमागे इनाम देऊन या क्लबनं पुढच्या तीस वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त लाल खारी मारवल्या. गंमत अशी, की त्याच १९०३ साली बिआट्रिक्स पॉटर यांचं ‘स्क्विरल नटकिन’ प्रसिद्ध झालं. डर्वेंटवॉटर सरोवराकाठी मुक्काम असताना काढलेल्या चित्रांमधून उभं राहिलेलं ते छोटं पुस्तक. लहान मुलांच्या खोलीत लाल खार उद्धट पण गोजिरवाणी झाली तेव्हा उत्तरेकडे तिच्या शेपटीचा भाव ठरलेला होता. आज तिच्याबद्दल जो उमाळा दिसतो तो ती दिसेनाशी झाल्यावर आलेला आहे.

आता ठिकाणं.

दक्षिणेत राहणाऱ्यांना सर्वांत सोयीचं ब्राउनसी बेट. डॉर्सेटमधल्या पूल बंदराच्या पोटात हे बेट आहे आणि पूल क्वे किंवा सँडबँक्सहून बोटीनं तिथं जाता येतं. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी स्काउटांचं पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं ते इथंच. आपल्यापैकी शाळेत स्काउटचा स्कार्फ बांधलेल्यांना हे नाव आठवेल. बेट १९६२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. पाचशे एकर जागा, साधारण दोनशे लाल खारी, करडी एकही नाही. मुलांना घेऊन जायचं असेल तर मी डोळे मिटून हेच नाव सांगतो. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. इथल्या खारींमध्ये कुष्ठरोगाचे जंतू असल्याचं २०१६ साली सिद्ध झालं, आणि ते जंतू मध्ययुगीन इंग्लंडमधल्या रुग्णांच्या सांगाड्यांत मिळालेल्या जंतूंच्या जवळचे निघाले. माणसांतून हा रोग इथून शेकडो वर्षांपूर्वी गेला, खारींत राहिला. पाहायला येणाऱ्यांना त्याचा धोका नगण्य मानला जातो आणि बेट पर्यटकांसाठी खुलंच आहे. तरी खारीला हात लावू नये, हे एरवीही खरं आहे, इथं जरा जास्त.

शेजारचं आयल ऑफ वाइट मोठं आहे आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. सोलेंट सामुद्रधुनीमुळे करडीला तिथं कधी बस्तान बसवता आलं नाही. पार्कहर्स्टच्या वनात, बॉर्थवुड कॉप्समध्ये किंवा अल्व्हरस्टन मीडच्या ओलसर झाडीत फिरावं. लाल खारी ओक आणि हेझलच्या जुन्या रुंदपानी रानात खुशाल नांदताना दिसतात. लाल खारीला सूचिपर्णी जंगलच लागतं, असं बऱ्याच पुस्तकांत छापलेलं असतं. ते वाचून आलेला माणूस इथं बुचकळ्यात पडतो. ती पाइनमध्ये राहते कारण बाकीची रानं करडीनं बळकावली. करडी नसेल तिथं तिला ओकही चालतो, चर्चच्या आवारातलं यूही चालतं आणि कुणाच्या परसातला अक्रोडही.

वेल्समधलं अँगलसी हेसुद्धा बेटच, पण ते मुख्य भूमीला पुलांनी जोडलेलं आहे. टेलफर्डचा झुलता पूल १८२६ चा. करडीला पूल कसा ओलांडायचा हे शिकवावं लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर जेमतेम चाळीस लाल खारी उरल्या होत्या, त्याही पेंट्रायथजवळच्या एका जंगलात. १९९८ पासून तिथं करड्या पकडायचं काम पद्धतशीर सुरू झालं आणि बेट करड्यांपासून मोकळं करायला दीड दशकाच्या वर काळ गेला. २००४ साली न्यूबरोच्या जंगलात लाल खारी आणून सोडल्या. आज बेटावर सातशेच्या आसपास लाल खारी आहेत. लँगेव्हनी गावातल्या नांट ए पांडीच्या दरीत, लाकडी पायवाटेवर, सकाळी कुत्री फिरवणाऱ्या लोकांच्या डोक्यावरून त्या ये-जा करतात. या पुस्तकातलं हे एकमेव ठिकाण, जिथं मी वाचकाला खार पाहण्याआधी पूल पाहायला सांगितलं आहे. पुलावर उभं राहिलं म्हणजे हे काम कधी संपणारं नाही, हे लगेच ध्यानात येतं.

फॉर्म्बीबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. लिव्हरपूलहून साउथपोर्टकडे जाणाऱ्या साध्या लोकल गाडीनं फ्रेशफील्ड स्टेशनवर उतरावं आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागावं. अर्ध्या तासाच्या आत पाइनची राई लागते. राई लावलेली आहे, वाळूच्या टेकड्या हलू नयेत म्हणून. कधीकाळी इथं शतावरीच्या कुळातल्या ॲस्परॅगसची शेती होई, तिचे सपाट तुकडे अजून ओळखू येतात. एका बाजूला आयरिश समुद्राचा वारा, मागं बंगल्यांची वस्ती, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात खारी. युरोपातून आणलेल्या खारींचा अंश इथल्या खारींत असल्याचं सांगतात, त्यामुळे ‘अस्सल देशी’ वगैरे शब्द इथं जपून वापरावेत. २००७-०८ मध्ये खारींच्या देवीची साथ आली आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त खारी गेल्या. त्या काळात राईतून चालताना झाडाच्या बुंध्याशी, भर दिवसा, डोळे चिकटलेली खार बसलेली दिसे आणि माणूस जवळ आला तरी ती हलत नसे. इथली माणसं अजून त्या हिवाळ्याचा विषय काढतात. पुढं उरलेल्या खारींतून संख्या पुन्हा वाढली. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं, की काही थोड्या खारी लागण होऊनही जगल्या होत्या. थोड्याच, पण याआधी कुणी तेवढीही आशा धरली नव्हती. नंतरही साथी येऊन गेल्या, संख्या खालीवर होत राहिली. गाडीनं जाता येतं, चढ नाही, आणि जवळच चहा मिळतो. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

किल्डरचं प्रकरण छोटं आहे, कारण जागा प्रचंड असली तरी सांगण्यासारखं एकच आहे. नॉर्थंबरलँडमध्ये स्कॉटलंडच्या सीमेलगत १९२० च्या दशकापासून लाकडासाठी लावलेलं हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं जंगल. इंग्लंडमधल्या निम्म्याएक लाल खारी इथं आहेत, असं म्हटलं जातं. झाडं मुख्यत्वे सिट्का स्प्रूस. या झाडाचं बी इतकं बारीक, की दुप्पट वजनाच्या करडीचं त्यावर भागत नाही. हलक्या अंगाची लाल खार कसंबसं भागवते. सिट्का स्प्रूस मूळचा अमेरिकेचा. अमेरिकी खारीपासून ब्रिटिश खारीला अमेरिकी झाड वाचवतं आहे. पाहायला मात्र हे जंगल कंटाळवाणं आहे आणि खारी विरळ पसरलेल्या असतात, म्हणून तिथं निरीक्षणासाठी बांधलेल्या लाकडी लपणात बसावं, उगाच पायपीट करू नये.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमिअरचं ॲलन बँक हे घर आणि व्हिनलॅटरचं जंगल, यॉर्कशर डेल्समध्ये हॉज गावाजवळचं स्नेझहोम, यांची माहिती त्या त्या प्रकरणांत आहे. गर्दीच्या सुट्ट्यांत ही तिन्ही टाळावीत, एवढंच इथं सांगतो.

स्कॉटलंडला गेलं की हिशेब बदलतो. केर्नगॉर्म्समध्ये, ॲबर्नेथीच्या जुन्या स्कॉट्स पाइनच्या रानात किंवा रॉथिमर्कसला लॉख अ‍ॅन एलानच्या काठानं चालताना लाल खार दिसली नाही तर आश्चर्य करावं. डंकेल्डजवळच्या लॉख ऑफ द लोज इथं लोक ऑस्प्रे पाहायला जातात आणि काचेपलीकडच्या दाण्यांवर आलेल्या खारी पाहत बसतात. ॲरन बेटावर ब्रॉडिक कासलच्या आवारात त्या आहेत. तिथं करडी नाही आणि कोल्हाही नाही. पण मला सर्वांत जास्त भावलं ते वायव्येकडचं काम. तिथली पाइनची रानं खारींसाठी उत्तम होती, करडीही तिथवर गेली नव्हती, तरी खार नव्हती. दोन रानांच्या मधला उघडा माळ ती ओलांडत नाही. मग २०१६ पासून ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेनं शील्डेगसारख्या ठिकाणी खारी नेऊन सोडल्या. पकडलेल्या प्रत्येक खारीला गवत घातलेल्या लाकडी पेटीत ठेवायचं, सोबत दाणे आणि पाण्यासाठी सफरचंदाची फोड. नव्या रानात पोचल्यावर पेटी झाडाला बांधायची, भोकाचं झाकण काढून त्यात शेवाळ कोंबायचं आणि निघून जायचं. खारीला वाटेल तेव्हा ती शेवाळ ढकलून बाहेर येते. या खटाटोपात करडीचा कुठंच संबंध नाही, तरी तो करावा लागला. मी सुरुवातीला जो नियम सांगितला त्याला हा अपवाद आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ठिकाण बरोबर निवडलं तरी खार दिसेल असं नाही. ती दिवसाचा बराच वेळ शेंड्याकडे घालवते. तेव्हा आधी जमीन पाहावी. पाइनखाली दाणे खाऊन उरलेल्या मक्याच्या कणसासारखे शंकूंचे दांडे पडलेले असतील आणि भोवती खवल्यांचा सडा असेल तर वर कुणीतरी जेवतं आहे. खवले ताजे असतील तर तिथंच थांबावं. खार शंकू दोन्ही हातांत आडवा धरते, देठाकडून सुरुवात करते, एकेक खवला दातांनी उपटते, त्याखालचं पंखवालं बी काढते, पंख टाकते, शंकू किंचित फिरवते. खवले भिरभिरत खाली येतात आणि ते बारीक टकटक आवाज करत पाल्यावर पडतात. पुष्कळदा खार अशी कानांनीच सापडते. हेझलनटचं तंत्र वेगळं. आधी टोकाशी दातांनी खाच पाडायची, खालचे पुढचे दात त्या खाचेत घालायचे आणि फाकवायचे. तिच्या खालच्या जबड्याची दोन हाडं समोर घट्ट जुळलेली नसतात, त्यामुळे ते दात थोडे अलग होऊ शकतात. कवच उभं दुभंगतं आणि दोन स्वच्छ वाट्या खाली पडतात. अनुभवी खारीला याला काही सेकंद पुरतात. पिल्लू असेल तर कवचावर ओरखड्यांचं जाळं दिसतं. पण वाट्या पाहून लगेच हुरळू नये, करडीही हेझलनट असाच फोडते.

खार खोडाच्या पलीकडे जाऊन चिकटून बसते, म्हणून दोघांनी जावं आणि खोडाच्या दोन बाजूंना उभं राहावं. पाय आपटणं, शेपटी झटकणं आणि चकचक असा रागावलेला आवाज म्हणजे तिनं तुम्हाला पाहिलं आहे. दोन पावलं मागं सरावं. फांदीच्या बेचक्यात, खोडाला लागून काटक्यांचा गोळा दिसला तर ते तिचं घरटं. ते हलवणं, त्यात डोकावून खारीला त्रास देणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आता आपल्या लोकांसाठी खास. आईवडील पुण्या-नागपूरचा उन्हाळा टाळून मे-जूनमध्ये इकडे येतात आणि खार पाहण्याचा बेत तेव्हाच आखला जातो. खारीच्या दृष्टीनं तो हंगाम गैरसोयीचा. पानं दाट, कानांचे झुपके झडलेले, आणि खार भल्या पहाटे आणि मग उतरत्या दुपारी कामाला लागते, मधल्या वेळात विश्रांती. उत्तरेत जूनमध्ये पाचच्या आधी उजाडतं. जेट लॅगमुळे चारला उठून बसणाऱ्या पाहुण्यांना मी सांगतो, चहा घ्या आणि निघा. ज्यांना निवड आहे त्यांनी दिवाळीच्या सुमारास यावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीचची आणि हेझलची फळं जमिनीवर असतात, साठवणीची घाई असते, खार सारखी खाली उतरते, आणि हिवाळी केस आल्यानं ती पुस्तकातल्या चित्रासारखी दिसते. हिवाळ्यात ती झोपून राहत नाही. थंडीत सकाळी उशिरा एक फेरी मारते.

आणि पिशवीत शेंगदाणे नेऊ नयेत. खार दिसली की आपला हात आपसूक शेंगदाण्यांकडे जातो, पण त्यांत कॅल्शियम फार कमी असतं आणि त्यांच्यावरच पोसलेल्या खारींची हाडं ठिसूळ होतात. शिवाय एकाच जागी खायला येणाऱ्या खारींमधून रोग पसरतो. दाणे घालायचे की नाही, कुठले, कधी, हे त्या जागेची देखभाल करणारे ठरवतात. तेच फीडर निर्जंतुक करतात.

आता थोडं अवघड. लाल खार टिकते त्या बहुतेक जागी करड्या पकडून मारल्या जातात, पिंजऱ्यात आणि कायदेशीरपणे. हे काम करणारे कुणी राक्षस नाहीत; निवृत्त पोस्टमन, शाळेतल्या बाई, शेतकरी अशी माणसं स्वयंसेवक म्हणून पहाटे पिंजरे तपासत फिरतात. या पुस्तकातून तो भाग वगळावा, असं मला एका स्नेह्यानं सुचवलं होतं. वगळला नाही. करडीबद्दल बोलताना ‘उपरी’, ‘घुसखोर’, ‘देश बळकावणारी’ असे शब्द इथं सर्रास ऐकू येतात आणि बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेल्या माणसाला ते ऐकताना कसं वाटतं, ते वेगळं सांगायला नको. पण मुद्दा जन्मस्थानाचा नाहीच. सिट्का स्प्रूसही परका, फॉर्म्बीच्या खारीही काही अंशी परक्या. मुद्दा विषाणूचा आणि दाटीचा आहे. म्हणून जिथं मारणं थांबवलं की लाल खार जाणार, अशा सीमेवरच्या रानांत मला ते पटतं. जिथं लाल खार साठ वर्षांत कुणी पाहिलेली नाही, अशा शहरी बागेत ते निव्वळ रागापोटी होतं आणि मला पटत नाही.

दुसरे मार्गही शोधले जात आहेत. हेझलनटच्या लगद्यातून करडीला गर्भनिरोधक देण्यावर संशोधन चालू आहे. आणि पाइन मार्टेन हा मुंगसासारख्या बांध्याचा झाडावर चढणारा शिकारी परत येतो आहे. आयर्लंडच्या मध्य भागात तो वाढला तसतशा करड्या हटल्या आणि लाल खारी परतल्या, हे २०१४ च्या अभ्यासात दिसलं. स्कॉटलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासानं तसंच दाखवलं. लाल खार त्याच्याबरोबर हजारो वर्षं राहिलेली आहे, करडीला त्याची सवय नाही. स्कॉटलंडमधले मार्टेन वेल्समध्ये आणि नंतर डीनच्या जंगलात सोडण्यात आले आहेत. त्याला कोंबड्याही आवडतात, ही बाजू त्याचे चाहते हळू आवाजात सांगतात.

जर्मनीत किंवा पोलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हा सगळा आटापिटा चमत्कारिक वाटेल. बर्लिनच्या टियरगार्टनमध्ये लाल खार सहज दिसते, वॉर्सोच्या वाझिएंकी बागेत ती हातावरचा दाणा घेऊन जाते. पोर्तुगालपासून जपानच्या होक्काइदोपर्यंत पसरलेला हा प्राणी जगाच्या हिशेबात दुर्मीळ नाहीच. तिकडच्या वाचकांनी शेवटचं प्रकरण पाहावं. फक्त इटलीतल्यांनी सावध असावं : १९४८ साली तूरीनजवळ करड्या सोडल्या गेल्या आणि त्या तिथून पसरत आहेत.

हे पुस्तक लवकर शिळं होईल, याची मला कल्पना आहे. १९९८ मध्ये लिहिलं असतं तर अँगलसीला दोन ओळी मिळाल्या असत्या, २००९ मध्ये फॉर्म्बीचं प्रकरण कदाचित गाळावं लागलं असतं, आणि ॲबर्डीन शहराच्या बागांत लाल खारी परतल्या आहेत, हे तर कुणी छापलंच नसतं. निघण्याआधी त्या भागातल्या खार-संवर्धन गटाची ताजी सूचना पाहावी. दिसलेली खार, लाल असो वा करडी, त्यांना कळवावी; नकाशे त्यावरच चालतात. खपल्या धरलेली, सुस्त खार आढळली तर तिला उचलू नये, जागा नोंदवून ताबडतोब फोन करावा. आणि एरवी भरलेले असणारे फीडर एखाद्या दिवशी सगळेच उतरवून ठेवलेले दिसले, तर तिथं देवी आल्या आहेत असं समजावं, बूट पुसावेत आणि त्या हंगामापुरतं दुसरं रान पाहावं.